कार्बनचा नकाशा काढणारा फुगा

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण, म्हणजे लहरींच्या रूपातील ऊर्जा, बाहेर टाकत असते आणि वस्तू जितकी थंड तितकी त्या लहरींची लांबी अधिक असते. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसला तापलेल्या अकोल्याच्या भुईचे प्रारण ९ मायक्रॉनपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सर्वाधिक असते, तर ताऱ्यांमधल्या अवकाशातील उणे २५० अंशांच्या आसपासच्या धुळीचे १०० मायक्रॉनच्याही पलीकडे जाते. या पट्ट्याला दूर-अवरक्त म्हणतात. अवकाशातील रासायनिक घडामोडींच्या अनेक खुणा त्यातच उमटतात. परंतु हवेतील बाष्प हे प्रारण जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकत असल्यामुळे चिखलदऱ्याच्या उंचीवर दुर्बीण नेली तरी तिला यातले काहीही दिसणार नाही.

यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने काढलेला मार्ग फुग्याचा होता. होमी भाभांच्या काळात विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी सुरू झालेल्या फुग्यांच्या परंपरेतून १९६९ मध्ये हैदराबादला संस्थेचे कायमचे उड्डाणकेंद्र उभे राहिले आणि पुढे तेथून १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण सुमारे ३० किलोमीटर उंचीवर जाऊ लागली, जेथे हवेचा जेमतेम शंभरावा हिस्सा वर उरतो. अमेरिकेच्या कायपर या गाजलेल्या उडत्या वेधशाळेचा आरसाही याहून लहान, सुमारे ९१ सेंटिमीटरचा होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही आणि ती ठाऊक असायला हवी. निरीक्षण संपले की उपकरणे फुग्यापासून सुटून हवाई छत्रीने शेकडो किलोमीटर दूर, कधी महाराष्ट्रातही, उतरू शकतात. म्हणून अशा उड्डाणांच्या आधी निघणाऱ्या जाहीर सूचनेत, सापडलेल्या पेटीला हात न लावता पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवावे, अशी विनंती असते.

१९९९ मध्ये या दुर्बिणीवर जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने फॅब्री-पेरो वर्णपटमापक बसवण्यात आला. समोरासमोर ठेवलेल्या दोन अर्धपरावर्तक पट्ट्यांमधील अंतर बदलून हवी तेवढीच तरंगलांबी पुढे जाऊ देणारे हे उपकरण असून, ते १५७.७४ (सुमारे १५८) मायक्रॉनच्या एकाच रेषेवर लावलेले होते. ही रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची, म्हणजे कार्बन आयनाची. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, कार्बनचा मात्र ११.२६ मध्येच निघतो. त्यामुळे तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशातील अधिक ऊर्जेचा भाग जवळच्या हायड्रोजनमध्ये खर्ची पडल्यावर उरलेला भाग पुढच्या, हायड्रोजन अखंड असलेल्या वायूत शिरतो आणि तेथील कार्बनला आयन बनवतो. शेजारच्या कणांच्या धडकांतून हा आयन थोडी ऊर्जा उचलतो आणि ती १५८ मायक्रॉनच्या प्रकाशकणाच्या रूपाने ढगाबाहेर धाडतो. चुलीवरच्या भांड्याचे झाकण किलकिले करून वाफ जाऊ द्यावी, तसा वायू या वाटेने निवतो. ढगात आणखी खोलवर, जेथे अतिनील प्रकाश क्षीण होतो, तेथे हाच कार्बन ऑक्सिजनशी जुळून कार्बन मोनॉक्साइड होतो; म्हणजे ही रेषा कोठे प्रखर आणि कोठे मंद हे कळले की अणूंचे राज्य संपून रेणूंचे कोठे सुरू होते तेही कळते.

भास्वती मुखर्जी, स्वर्णकांती घोष, देवेंद्र ओझा आणि त्यांच्या भारतीय-जपानी सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा नकाशा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आकाशात हा नकाशा ३० कलांइतका लांब, म्हणजे जवळजवळ पूर्णचंद्राच्या व्यासाएवढा आणि १५ कला रुंद आहे. त्यात दाट गाभ्याबरोबरच भोवती दूरवर पसरलेला विरळ उजेडही उमटला आणि या संपूर्ण प्रदेशाच्या दूर-अवरक्त तेजापैकी ०.०४ टक्के एवढे तेज या एकट्या रेषेत असल्याचे आढळले. आकडा लहान भासतो. पण बाकीचे तेज बहुतांशी धुळीचे असून अनेक तरंगलांब्यांत विखुरलेले असते, आणि हा वाटा मात्र एकाच मूलद्रव्याच्या एकाच रेषेत एकवटलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल समजते.

अशा नकाशांची बातमी होत नाही. बातमी होते ती नव्या रेणूची. २०१९ मध्ये सोफिया या विमानातील वेधशाळेने १४९ मायक्रॉनपाशी हेलियम हायड्राइड आयन टिपला, तेव्हा विश्वातला पहिला रेणू सापडल्याचे मथळे झळकले. तो आयन विश्वाच्या आरंभी प्रथम बनला असावा हे खरे आणि प्रयोगशाळेत १९२५ पासून ठाऊक असलेला हा आयन अखेर आकाशात गवसणे ही मोठीच कामगिरी होती. परंतु तो सापडला हंस तारकासमूहातील एनजीसी ७०२७ या मरणासन्न ताऱ्याच्या मेघात, आणि या मेघाचे वय अवघ्या काही शतकांचे आहे. म्हणजे तेथील आयन आदिकाळचा अवशेष नसून अलीकडेच तयार झालेला आहे, आणि हा भेद बहुतेक मथळ्यांनी पुसून टाकला.

दूर-अवरक्त वेध घेणाऱ्या हर्शेल या अवकाश दुर्बिणीला थंड ठेवणारे हेलियम २०१३ मध्ये संपले आणि सोफियाची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२३ रोजी अंटार्क्टिकातून नासाची गस्टो ही दुर्बीण फुग्यानेच वर गेली आणि तिने ज्या मोजक्या रेषांचे मापन केले त्यांत कार्बन आयनाची हीच १५८ मायक्रॉनची रेषा होती.