दुकानाची किंमत? आधी सांगा, विचारतंय कोण!

गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सहज विचारा, ‘धंदा केवढ्याचा असेल हो?’ तो आधी तुमच्याकडे नीट बघेल. बँकवाला विचारत असेल तर आकडा फुगतो, इन्कमटॅक्सवाला विचारत असेल तर आक्रसतो, आणि वाटणी मागणारा धाकटा भाऊ विचारत असेल तर ‘धंद्यात आता काही राम राहिला नाही रे’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. माणसाचं सोडा, कायद्याचंही फारसं वेगळं नाही.

गिऱ्हाइकांचं प्राणिसंग्रहालय

दुकानाच्या नावाला जी किंमत येते, तिला आपण सरळ गुडविल म्हणतो. हे गुडविल जागेचं की माणसाचं? १९३४ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयात जागा भाड्याने घेतलेल्या एका मोटार कंपनीच्या खटल्यात हा प्रश्न आला, आणि न्यायमूर्ती स्क्रटन यांनी गिऱ्हाइकांची सरळ जनावरांत विभागणी करून टाकली. मांजर घराला चिकटून राहतं, मालक बदलला तरी. कुत्रा मालकामागे जातो, घर कुठेही असो. उंदराला ना घराचं सोयर ना माणसाचं सुतक. न्यायमूर्ती मॉम यांना ही यादी अपुरी वाटली. त्यांनी ससा आणला: निव्वळ जवळ राहतो म्हणून येणारा.

आपल्याकडे लावून बघा. कोपऱ्यावरच्या जुन्या उपाहारगृहात तिसऱ्या मालकाच्या काळातही त्याच टेबलावर बसणारे आजोबा म्हणजे मांजर. सलूनमधल्या कारागिराने खुर्ची बदलली की पाठोपाठ दुसऱ्या गल्लीत जाणारे सगळे कुत्रे. स्टेशनबाहेर गाडी चुकली म्हणून वडापाव खाणारा उंदीर. सोसायटीखालच्या वाण्याकडे येणारे ससे. दवाखाना विकत घेणाऱ्या तरुण डॉक्टरने हा हिशोब आधी मांडावा. गिऱ्हाइकांत कुत्रे जास्त निघाले, तर जुने डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्याच्या हाती फक्त खुर्च्या आणि वजनकाटा उरतो.

मुंबईकरांना यातलं मांजर फार आधीपासून ठाऊक आहे. त्याला पगडी म्हणतात. वर्षानुवर्षं ती टेबलाखालून फिरली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला टेबलावर जागा दिली.

वासाची मूळ किंमत किती?

अगरबत्ती बनवणारी एक पेढी १९६५ च्या अखेरीस विसर्जित झाली. गुडविलची किंमत धरली दीड लाख रुपये, आणि त्याच नावाच्या नव्या पेढीने ते घेतलं. प्राप्तिकर आयुक्त म्हणाले, नफा झाला, कर भरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. पण वर्षानुवर्षं अगरबत्त्या विकून जे नाव झालं, ते खरेदी कधी केलं होतं? कितीला? कुठल्या तारखेला? वजाबाकीतला खालचा आकडाच नाही, तर गणित सुटणार कसं! १९८१ मध्ये निकाल पेढीच्या बाजूने लागला. सरकारने १९८७ च्या वित्त कायद्यात तो खालचा आकडा स्वतःच लिहून टाकला: शून्य. म्हणजे आता अख्खी किंमतच नफा. सरकारची वजाबाकी पक्की असते, हे मान्य करायला हवं.

एका चौकटीची करामत

कंपनीची किंमत काढायची सगळ्यात रुबाबदार पद्धत म्हणजे डीसीएफ: पुढे येणारे पैसे आजच्या भावात आणायचे. सीएच्या शेजारी बसून त्याच्या पडद्यावर बघा. समजा, सगळे खर्च भागवून पुढच्या वर्षी कंपनीच्या हाती १ कोटी मोकळे राहणार. परताव्याची अपेक्षा १४ टक्के, कायमची वाढ ४ टक्के. फरक १० टक्के, त्याने १ कोटीला भागा. किंमत १० कोटी. आता वाढीच्या चौकटीत ४ खोडून ६ लिहा. साडेबारा कोटी! ८ लिहा. साडेसोळा कोटींच्या वर! मशीन तेच, कामगार तेच, टपरीवरून मागवलेला चहासुद्धा अजून गरम.

अशा आकड्यांवर प्राप्तिकर अधिकारी संशय घेणारच, आणि घ्यावाच. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लक्ष्मणरेषा आखून दिली: आकडे हवे तेवढे तपासा, कंपनीने निवडलेली पद्धत मात्र परस्पर बदलू नका.

महाग नको, स्वस्तही नको

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ५६ हे माझं विशेष लाडकं. वाजवी किमतीपेक्षा स्वस्तात शेअर घेतले, तर घेणाऱ्याला कर. आणि २०१२ पासून, खासगी कंपनीने वाजवीपेक्षा महाग शेअर दिले, तर कंपनीला कर! हाच तो स्टार्टअपवाल्यांची झोप उडवणारा एंजल टॅक्स. २०२३ मध्ये तो परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशालाही लागू झाला आणि खरी गंमत सुरू झाली. परकीय चलनाचे नियम सांगत होते, परदेशी माणसाला वाजवीपेक्षा स्वस्त शेअर देऊ नका. प्राप्तिकर सांगत होता, वाजवीपेक्षा महाग देऊ नका. दोन खात्यांच्या मधल्या फटीतून नेमका आकडा काढायचा. शेवटी दहा टक्क्यांची सूट द्यावी लागली, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात हा करच गेला.

हमाम, बरोबर २:१५

टाटा ऑइल मिल्स, म्हणजे हमामवाली टॉमको, हिंदुस्तान लीव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा टॉमकोच्या १५ शेअरना लीव्हरचे २ शेअर ठरले. कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ मध्ये न्यायालयाने जे सांगितलं त्याचा सारांश असा: मूल्यांकन हे काटेकोर गणित नव्हे, तज्ज्ञाने आकडा काढलाय, भागधारकांच्या प्रचंड बहुमताने तो मानलाय, तर आम्ही गणकयंत्र घेऊन बसणार नाही.

मुंबईतल्याच दुसऱ्या वादात तर गणकयंत्रही थकलं असतं. टाटा सन्समधल्या शापूरजी पालनजी समूहाच्या १८ टक्क्यांहून थोड्या जास्त हिश्शाची किंमत समूहाच्या मते पावणेदोन लाख कोटी. टाटांच्या वकिलांच्या मते ७० ते ८० हजार कोटी. मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमतीचा प्रश्न दोघांवरच सोपवला.

स्कूटरच्या भावात मायकल जॅक्सन

२००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला. त्याच्या नावाची आणि चेहऱ्याची किंमत त्याच्या इस्टेटीने दाखवली २,१०५ डॉलर. तेव्हाचे लाखभर रुपये! अमेरिकी करखात्याने आधी लावले ४३ कोटी ४० लाख डॉलर, खटल्यात उतरले १६ कोटी १० लाखांवर. इस्टेटीचा युक्तिवाद असा, की शेवटच्या वर्षांत बदनामी इतकी झाली होती, की गाण्यांखेरीज नुसतं नाव कोणी विकत घेत नव्हतं. किंमत मृत्यूच्या दिवशीची धरायची असते, नंतर उसळलेल्या लाटेची नाही. २०२१ मध्ये कर न्यायालयाने आकडा ठरवला सुमारे ४१ लाख ५० हजार. इस्टेटीच्या आकड्याच्या जवळजवळ दोन हजार पट, आणि तरी जिंकली इस्टेटच.

दारूबंदीची देणगी

जागेचा आणि यंत्रांचा रास्त परतावा बाजूला काढून, वरच्या नफ्यावरून गुडविल मोजायची रीत १९२० च्या अमेरिकेतली. दारूबंदीने भट्ट्या बंद पाडल्या. बुडालेल्या नावाची किंमत करापुरती ठरवायला करखात्याने हे सूत्र काढलं. पुढे त्याच खात्याने बजावलं, की दुसरा बरा मार्ग नसेल तेव्हाच हे वापरा. दारूबंदी १९३३ मध्ये उठली. सूत्राची नशा अजून उतरलेली नाही.

तिसरा कशाला?

आपल्याकडे दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची किंमत दोन नोंदणीकृत मूल्यांककांनी स्वतंत्रपणे काढायची असते. दोघांच्या आकड्यांत फार तफावत पडली, तर तिसरा नेमता येतो. मग तिघांपैकी सगळ्यात जवळजवळचे दोन आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची. लांब राहिलेला गडी त्या हिशोबातून बाद. मग त्याचंच बरोबर का असेना.