‘तू इथं असतास तर’: एका रॉक गाण्याचा अर्थ नेमका कुणाचा?

(राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

फळ्यावर विषय लिहीत होतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “रॉक म्हंजे दगड ना हो? दगडाच्या गाण्याचं काय सांगणार?” आजोबा, शब्द तोच आहे. पण इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ झुलणं, डोलणं असाही होतो, आणि गाण्यातला रॉक हा तो दुसरा. विजेवर वाजणारी गिटार, ड्रम, आणि बहुतेक वेळा स्वतःच लिहून स्वतःच गाणारी चार-पाच जणांची टोळी. इथं टोळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं वेगळंच येतं, ते ठाऊक आहे आम्हाला. त्याकडं येऊच.

“स्वतःच लिहून स्वतःच गाणारी” हे मुद्दाम म्हटलं. आपल्या सिनेमाच्या गाण्यात लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, गाणारी तिसरी आणि पडद्यावर रडणारी चौथी. त्यामुळं लताबाईंचा आवाज ऐकून आपण गहिवरतो, पण बाईंच्या घरी आज काय झालं असेल, असं कुणी विचारत नाही. रॉकमध्ये मात्र ऐकणारा धरूनच चालतो, की हे त्याच्या आयुष्यातलंच असणार. मग शोध सुरू होतो. ती कोण होती? तो कोण गेला? मोबाइलवर अशा गाण्याखाली आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ‘या गाण्यामागची खरी कहाणी’. या खऱ्या कहाणीवर किती विसंबायचं, एवढाच आजचा प्रश्न.

मघाशी आपण जे गाणं ऐकलं त्याचं नाव ‘विश यू वेअर हिअर’. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्लंडमधल्या मंडळींचं, १९७५ सालचं. मराठीत सांगायचं तर ‘तू इथं असतास तर’. पण या नावात एक खोच आहे. इंग्रज माणूस सुट्टीला समुद्रकिनारी गेला की घरच्यांना चित्राचं पोस्टकार्ड टाकायचा आणि त्यावर हेच तीन-चार शब्द लिहायचा. आपण पत्रात ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’ लिहायचो ना, तसं. लिहून लिहून गुळगुळीत झालेलं वाक्य. ते उचलून गाण्याच्या शेवटी ठेवलंय, आणि तिथं ते गुळगुळीत राहत नाही. का राहत नाही, ते सुरुवातीला कळतं.

सुरुवातीला काय ऐकू आलं? कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतंय. खरखर, बोलण्याचे तुकडे, कुठल्याशा वाद्यवृंदाचा एक झोत, आणि मग एक बारीक, लांबची गिटार. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना परभणी आकाशवाणी लावतानाची ती खरखर आठवली असेल. थोड्या वेळानं दुसरी गिटार येते. ती अगदी जवळची, शेजारच्या खोलीतून यावी तशी. म्हणजे कुणीतरी एकटा बसलाय आणि रेडिओतल्या गिटारीला साथ करतोय. समोर माणूस नाही, तरी साथ चाललीय. गाण्याचा अर्धा अर्थ इथंच सांगून झालाय, अजून एकही शब्द आलेला नाही. आमचं तर म्हणणं आहे की अर्थ शोधताना लोक शब्दांवर फार लवकर झडप घालतात.

आता कहाणी. या गटाचा मूळ नायक सिड बॅरेट. पहिल्या तबकडीतली बहुतेक गाणी त्याची. पण नशेची द्रव्यं आणि मनाचा आजार या दोन्हींत तो इतका खचला, की १९६८ साली मित्रांना त्याच्याशिवाय पुढं जावं लागलं. नंतर गटाला जगभर कीर्ती मिळाली आणि तो मागं राहिला. ५ जून १९७५ ला लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत हे लोक काम करत असताना एक जाडा माणूस आत आला. डोकं तासलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही, हा कोण. तो सिड होता. २९ वर्षांचा. ओळख पटली तेव्हा मित्रांना रडू आवरलं नाही.

ही घटना खरी आहे. पण ती सांगताना काय होतं बघा. सांगणारा म्हणतो, सिड आला, त्याला पाहून ते हादरले आणि त्यातून गाणं झालं. तसं नाही. त्या दिवशी ज्या गाण्यावर काम चाललं होतं ते याच तबकडीतलं दुसरं, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. तेही सिडवरचंच, पण १९७४ सालीच ते कार्यक्रमांत वाजवत होते. म्हणजे गाणं आधी, भेट नंतर. घटना इतकी जबरदस्त, की गाणी तिच्याभोवती आपोआप गोळा झाली आणि क्रमही उलटा झाला. आपल्याकडं संतांच्या चरित्रात असं किती वेळा झालंय! अभंग आधी असतो, प्रसंग मागून त्याला चिकटतो.

बरं, मग ‘विश यू वेअर हिअर’ सिडवर आहे की नाही? इथं मजा आहे. शब्द रॉजर वॉटर्सचे, गायलंय डेव्हिड गिलमोरनं. चाल दोघांची. गिलमोर सांगतो की सिडची आठवण आल्याशिवाय हे गाणं त्याला गाताच येत नाही. आणि ज्यानं शब्द लिहिले तो वॉटर्स सांगत आलाय की हे गाणं त्यानं स्वतःलाच उद्देशून लिहिलं. स्वतःच्याच दुसऱ्या अर्ध्याला. ऐन कीर्तीत आपण आपल्या आयुष्यात हजर आहोत का, असा प्रश्न त्याला पडला होता. एकाच गाण्यात, एकाच खोलीत, लिहिणाऱ्याचा ‘तू’ वेगळा आणि गाणाऱ्याचा ‘तू’ वेगळा. दोघं खोटं बोलत नाहीत. तेव्हा ‘मूळ माणसाला विचारा’ हा सोपा उपाय इथंच संपला.

आणखी एक वाट आहे. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत, अँझिओच्या लढाईत, फेब्रुवारी १९४४ मध्ये गेले. लेकरू तेव्हा पाच महिन्यांचं. या बापाच्या जाण्यावर त्यानं पुढं पुष्कळ लिहिलं. काहीजण म्हणतात, झालं तर मग, ‘तू’ म्हणजे वडील! आम्हालाही हा अर्थ एके काळी फार आवडायचा. आता वाटतं, तो आपण चरित्रातून आणून गाण्यावर ठेवलाय. कारण या गाण्यात जो ‘तू’ आहे त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारलेत. हे आणि त्याच्या उलट ते, यांतला फरक तुला कळतो का? एक देऊन दुसरं घेतलंस, त्यात काय मिळालं? असे प्रश्न निवड करणाऱ्या माणसाला विचारतात. लढाईत मारल्या गेलेल्या बापाला नाही विचारत. चरित्रात बसलं तरी शब्दांत बसत नसेल, तर तो अर्थ बाजूला ठेवावा. आम्ही ठेवला.

आता चहाच्या वेळी झालेलं बोलणं सांगतो. जिचं आहे तिला विचारून सांगतोय, नाव सांगणार नाही. अकरावीतली एक मुलगी आली. म्हणाली, “सर, मला तर हे गाणं माझ्या मायवरचं वाटलं.” म्हटलं, कसं? तर म्हणाली, “मायबाप कोयत्यावर गेलेत. दिवाळी झाली की गेले. मी न् धाकटा भाऊ आजीपाशी.” बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

आम्ही मास्तरकी केली. म्हटलं, बाळ, अर्थ चांगला आहे, पण थोडं थांब. गाण्यात ‘तू’नं एक सौदा केलाय. मोलाचं दिलं आणि फोल घेतलं. गाणं त्याला जाब विचारतंय. तुला तुझ्या आईला जाब विचारायचा आहे का?

ती गप्प राहिली. मग मोबाइलवर गाण्याचे शब्द काढून आमच्यापुढं धरले. तिचं इंग्रजी बेताचं आहे, पण क्रियापद तिला नीट दिसलं होतं. म्हणाली, “सर, यात ‘तू सौदा केलास का’ असं नाहीये. ‘त्यांनी तुला करायला लावला का’ असं आहे.”

मंडळी, हे गाणं आम्ही तीसएक वर्षं ऐकतोय, आणि त्या क्रियापदावरून रोज पुढं जात होतो. केलं आणि करवलं. मराठी व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात, शाळेत शिकवतात. ‘त्यांनी’ म्हणजे कोण, ते गाणं सांगत नाही. वॉटर्सच्या मनात गाण्याच्या धंद्यातले लोक असतील. त्याच तबकडीतली मधली दोन गाणी उघडउघड त्या धंद्यावर आहेत. या मुलीच्या मनात उचल आहे. आईनं लेकरं सोडली नाहीत, तिला सोडायला लावली. हा अर्थ वॉटर्सनं घातलेला नाही, त्याला गंगाखेड तालुका कुठं आहे हेही माहीत नसणार. तरी बापाच्या अर्थापेक्षा हा अर्थ शब्दांत जास्त पक्का बसतो. न बसणारी जागाही आहे, ती तिलाही दाखवली. गाण्यातले दोघं वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरतायत, काचेच्या भांड्यातल्या माशांसारखे. तिची आई हंगाम संपला की परत येते. ती म्हणाली, “आणि परत दिवाळीला जाती.” यावर आम्ही काही बोललो नाही.

गाणं असं हात बदलतं तेव्हा मूळ मालकाला काय वाटत असेल? ‘हर्ट’ नावाचं एक गाणं आहे, नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरचं, १९९४चं. तरुण माणसानं स्वतःच्या नाशाच्या कडेवर उभं राहून लिहिलेलं. २००२ साली जॉनी कॅश या सत्तरीतल्या गायकानं ते म्हटलं. फक्त एक शिवराळ शब्द काढला आणि तिथं काटे घातले. एवढ्यानं ते म्हाताऱ्या माणसाचं, मागं वळून बघणारं गाणं झालं, त्यात येशूच्या काटेरी मुकुटाची सावली आली. चित्रफितीत त्याची बायको जून त्याच्याकडं बघत उभी आहे. ती मे २००३ मध्ये गेली, तो सप्टेंबरात. रेझ्नरला आधी हे सगळं विचित्र वाटलं होतं. चित्रफीत पाहिल्यावर तो म्हणाला, की गाणं आता आपलं राहिलं नाही.

तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण तुम्ही जनाबाईच्या मुलखातले. गोदाकाठी गंगाखेडला तिचा जन्म असं परंपरा सांगते, लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला गेली. तिच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक तिच्याच अभंगांतून काढलेलं. तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसतो, गोवऱ्या वेचतो, हे तिनं गायलं म्हणून आपण तिचं आयुष्य म्हणून सांगतो. रॉकवाले आयुष्यावरून गाणं उलगडतात, आपण गाण्यावरून आयुष्य रचलं. दोन्हींत घसरायला जागा आहे. पण तिच्या अभंगांचं एक बघा. एकटीनं करायच्या कामात कुणीतरी साथीला यावं, ही तिची ओढ तिच्याच शब्दांत आहे, तिथं कहाणीची गरज लागत नाही. रेडिओला साथ करणारी ती गिटार आठवा. आई-बापापासून लांब, परक्या घरी राबणारी पोर होती ती, एवढं नक्की धरता येतं. अभंग रॉकच्या वाद्यांवर म्हणणारी तरुण पोरं आज मुंबईत आहेत, ‘अभंग रिपोस्ट’ म्हणून. ज्यांना राग येतो त्यांनी एकदा ऐकून मग रागवावं.

आणि जात्यावरच्या ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांचा पहिला कर्ता कोण, कुणी विचारत नाही. मघाशी मागच्या बाजूच्या एका आजींनी आम्हाला दुरुस्त केलं. आम्ही म्हटलं, ओवी कुणाची ते कळत नाही. त्या म्हणाल्या, “कळत न्हाई कसं? जी दळती तिची. भावाचं नाव आपल्या भावाचंच घालायचं, शेजारणीच्या नाही.” पण आजी, भावाच्या जागी सासऱ्याचं नाव घातलं तर? त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग ती ओवी बसंल का?”

तेच आम्ही तासभर सांगायचा प्रयत्न करत होतो.

वेळ थोडा राहिलाय. गाणं पुन्हा एकदा लावू. दारापाशी उभे आहेत त्यांनी आत येऊन बसावं, पुढं सतरंजीवर जागा आहे. पंखा जरा बंद करा हो, सुरुवातीची खरखर त्यात बुडते. दुसरी गिटार येईल तिकडं लक्ष ठेवा. आणि ते क्रियापद येईल तेव्हा आम्ही बोट वर करू.