पायाखालची दुधी

वाशी-नेरूळच्या फूटपाथवरून जाताना फरशांच्या फटींकडे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? तिथे वीतभर उंचीचे, तांबूस दांड्याचे एक रोप हमखास उगवलेले असते. ही दुधी, कुणी हिला मोठी नायटी म्हणतात. भाजीच्या दुधी भोपळ्याशी हिचा काही संबंध नाही बरे! पान खुडले की पांढरा चीक येतो, म्हणून दुधी. शास्त्रात नाव युफोर्बिया हिर्टा. हिर्टा म्हणजे केसाळ. दांडा उन्हासमोर धरला की पिवळसर लव दिसते. पाने जोडीने समोरासमोर, कडेला बारीक दाते, आणि बूड तिरके.

मूळची ही उष्ण अमेरिकेतली. उघडी, तुडवलेली जमीन हिला मानवते. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे खाडीकाठी भराव पडला, रस्ते झाले. दुधीला आयतीच जागा मिळाली. भरतीच्या खाऱ्या चिखलात मात्र ती शोधू नये. तापल्या फरशीत ती तगते कशी? ऊस-ज्वारीसारखी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याची जादा सोय हिच्या पानांत आहे. त्यामुळे कडक उन्हात, थोड्या पाण्यावरही अन्न तयार होते.

शिक्षकांनी आता भिंग घ्यावे. पानांच्या बगलेत हिरवट-तांबूस झुबके असतात. त्यांत खसखशीएवढे पेले. प्रत्येक पेला म्हणजे एक फूल, असे वाटते ना? लिनियससारख्या पंडितालाही तसेच वाटले होते. पण तो पेला म्हणजे फुलांचे अख्खे बिऱ्हाड! मधोमध एकच मादी फूल, म्हणजे देठावरचा बीजकोश. भोवती नर फुले, एकेका केसराची. पाकळ्या कुणालाच नाहीत. पुरावा हवा? केसराच्या दांडीला मध्येच सांधा असतो. सांध्याखाली फुलाचा देठ, वर केसराचा तंतू. दुधीत तो दिसणे कठीण; बागेतल्या पॉइन्सेटियावर आधी पाहावा, ती हिचीच नातलग. मादी फुलाचे पुढे तीन कप्प्यांचे बोंड होते, कप्प्यात एकेक बी.

चिकाची मात्र मुलांना आधीच ताकीद द्यावी. मी दिली नव्हती. एका विद्यार्थ्याने चिकाचे बोट डोळ्याला लावले. दिवसभर डोळा लालबुंद. कुंपणाच्या शेराचा चीक तर याहून जहाल. डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे नि डॉक्टर गाठावा. दम्यावर दुधीचा काढा देतात खरा. पण तो वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नये, आणि रस्त्याकडेची दुधी तर मुळीच नको.