मुदतवाढ कुणाला, कुणाला नाही

माहिती अधिकारात अर्ज दिला की पंचविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी कधी कधी एक पत्र येतं. मागितलेली माहिती विपुल आहे, संकलनाचं काम सुरू आहे, सबब पंधरा दिवसांची मुदतवाढ घेण्यात येत आहे, असा त्याचा आशय. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पत्र इतकं रीतसर दिसतं की अर्जदार गप्प बसतो. त्याने बसू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्ये जन माहिती अधिकाऱ्याला आपल्याच सहीने मुदत वाढवून घेण्याची सोय नाही. कलम 7(1) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत एक तर माहिती द्यायची, नाहीतर कलम 8 किंवा 9 मधलं कारण दाखवून ती नाकारायची. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर 48 तासांत. यापलीकडे मधली वाट ठेवलेली नाही.

तरीही काही प्रसंगी 30 चे 35 किंवा 40 दिवस होतात आणि तेही कायद्यानेच होतात. मुदतवाढीचं पत्र खपून जातं ते याच घोळामुळे. म्हणून हिशेब एकदा नीट मांडू.

समजा, फैजपुरातल्या एका गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत तुम्ही नगरपरिषदेकडे मागितली. (उदाहरण समजुतीपुरतं आहे, नगरपरिषदेवर काही ठेवण्याचा हेतू नाही.) जोडपत्र ‘अ’ भरलं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि 1 जुलैला आवक विभागात दिलं. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढची सगळी मोजणी या पोचेवर उभी असते. अर्जाचा दिवस सोडून 30 दिवस मोजले की 31 जुलै येतो. हे साधे दिवस आहेत, कामाचे दिवस नव्हेत. रविवार, आषाढी, मोहरम सगळे यात धरले जातात. शेवटचाच दिवस सुट्टीचा निघाला तर मात्र पुढचा कामाचा दिवस धरतात.

आता पाच-पाच दिवसांच्या दोन सवलती. रस्ता नगरपरिषदेचा नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, तर ‘आमच्याकडे माहिती नाही’ असं लिहून अर्ज परत करता येत नाही. कलम 6(3) प्रमाणे तो जास्तीत जास्त 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा आणि तसं अर्जदाराला कळवायचं. त्या कार्यालयाचे 30 दिवस त्याला अर्ज मिळाल्यापासून सुरू होतात. दुसरी सवलत सहायक माहिती अधिकाऱ्यामुळे मिळते. लोकांना प्रत्येक अर्जासाठी जळगाव गाठावं लागू नये म्हणून उपविभाग किंवा त्याखालच्या पातळीवर असे अधिकारी नेमायचे असतात. फैजपूरला यावल आणि रावेर तालुक्यांचं प्रांत कार्यालय आहे, तेव्हा ही तरतूद इथल्या माणसाच्या उपयोगाची आहे. सहायक अधिकाऱ्याच्या हाती अर्ज दिला तर मूळ मुदतीत 5 दिवस मिळवायचे, म्हणजे एकूण 35.

तिसरा प्रकार जास्त वापरला जातो, आणि त्याचा गैरवापरही जास्त होतो. मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची असेल, त्याने ती गोपनीय मानली असेल आणि तरी अधिकाऱ्याचा ती देण्याचा विचार असेल, तर कलम 11 लागू होतं. अर्ज आल्यापासून 5 दिवसांत त्रयस्थाला नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस, आणि निर्णय अर्जापासून 40 दिवसांच्या आत. आपल्या उदाहरणात 6 जुलैपर्यंत नोटीस निघायला हवी आणि 10 ऑगस्टपर्यंत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात कुठे कुठे सत्ताविसाव्या दिवशी कार्यालयाला ठेकेदाराची आठवण होते. कलम 11 ची सवलत त्या वेळच्या नोटिशीसाठी नाही. शिवाय लोकांच्या पैशातून झालेल्या रस्त्याची मोजमापं ही ठेकेदाराची खासगी बाब कशी, हे मला तरी कधी उमगलेलं नाही.

शुल्काचा भाग अर्जदाराने सर्वात बारकाईने पाहावा, कारण इथे मुदत वाढत नाही, थांबते. प्रतींसाठी पानाला 2 रुपये. ते मागणारं पत्र कार्यालयातून निघालं की दिवस मोजणं थांबतं आणि तुम्ही पैसे भरले की जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू होतं. पत्र 21 जुलैला, म्हणजे विसाव्या दिवशी निघालं आणि तुम्ही 28 जुलैला पैसे भरले, तर उरलेले 10 दिवस 7 ऑगस्टला संपतात. मधला आठवडा कुणाच्याच खाती नाही. म्हणून शुल्काचं पत्र हाती पडताच पैसे भरून पावती घ्यावी, इथला उशीर आपलाच असतो. त्या पत्रात रक्कम कशी काढली याचा तपशील आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची हेही असायला हवं. पैसे भरल्यावर पुन्हा नव्याने 30 दिवस मिळतात, असा समज काही टेबलांवर पक्का बसलेला आहे. त्याला आधार नाही. आणि मुदत उलटून गेली असेल तर कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. चाळिसाव्या दिवशी आलेली पानांच्या पैशांची मागणी न भरता अपिलाला जोडून द्यावी.

‘माहिती फार मोठी आहे’ या कारणाला कायद्यात जागा आहे, पण ती मुदतीच्या कलमात नाही. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडणार असेल, तर कलम 7(9) प्रमाणे स्वरूप बदलता येतं. पाचशे पानांच्या प्रती काढण्याऐवजी ‘येऊन दप्तर पाहा’ असं सांगता येतं. तेही 30 दिवसांच्या आतच. ‘रेकॉर्ड इंजिनिअर साहेबांकडे आहे, भाऊ, ते रजेवर आहेत’ यालाही कलम 5 मध्ये उत्तर आहे. माहिती अधिकाऱ्याने ज्याची मदत मागितली, तो त्या कामापुरता स्वतःच माहिती अधिकारी समजला जातो आणि जबाबदारीही त्याच्यावर येते. निवडणुकीचं काम, मार्चअखेर, लेखापरीक्षण यांपैकी एकही कारण कलम 7 मध्ये नाही.

हे इतकं कडक का वाटावं? इतर देशांत तसं नाही म्हणून. अमेरिकेत कामाचे 20 दिवस असतात आणि विशेष परिस्थितीत आणखी 10 घेता येतात. कॅनडात 30 दिवस, पण कागदपत्रं फार असली किंवा दुसऱ्या खात्याचा सल्ला घ्यायचा असला तर कारण कळवून मुदत वाढवता येते. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल 2020 मध्ये, स्कॉटलंडने कायदा करून कामाच्या 20 दिवसांचे 60 केले आणि टीका झाल्यावर मेअखेर ते मागे घेतले. भारतात टाळेबंदीतही कलम 7 मधली मुदत बदलली गेली नाही. आपल्या कायद्याने वाढीचं दार मुळातच ठेवलं नाही आणि ते शहाणपणाचं झालं, असं माझं मत आहे. आपल्या कार्यालयांत अपवादाचा नियम व्हायला वेळ लागत नाही.

मुदत संपली आणि काहीच आलं नाही, तर तो कलम 7(2) प्रमाणे नकार मानला जातो. कागदावर याला ‘मानीव नकार’ म्हणतात. त्यानंतर 30 दिवसांत जोडपत्र ‘ब’ आणि 20 रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचं. मुदतवाढ खऱ्या अर्थाने आहे ती इथे. अपील 30 दिवसांत निकाली काढायचं, फार तर 45 दिवसांत, आणि तेही कारण लेखी नोंदवून. 5 ऑगस्टला अपील दिलं तर 4 सप्टेंबर, लेखी कारण असेल तर 19 सप्टेंबर. अपील करायला तुम्हालाच उशीर झाला, तरी सबळ कारण दाखवल्यास ते दाखल करून घेता येतं. म्हणजे सवलत अपील ऐकणाऱ्याला आहे आणि नागरिकाला आहे. ज्याच्या टेबलावर फाइल आहे, त्याला नाही.

पुढे 90 दिवसांत जोडपत्र ‘क’ भरून राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. जळगाव जिल्ह्यासाठी ते नाशिक खंडपीठाकडे जातं. दिवस 4 सप्टेंबरपासूनच मोजावेत, म्हणजे 3 डिसेंबर ही तारीख येते आणि वादाला जागा राहत नाही. विलंबाला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड आहे आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. वाजवी रीतीने आणि तत्परतेने काम केलं हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. पण दंड लावू शकतो फक्त आयोग. खालच्या टेबलाला 30 दिवस आणि त्याच्या वरिष्ठाला 45 दिवस बांधून देणाऱ्या कायद्याने आयोगाला द्वितीय अपील निकाली काढण्यासाठी एकाही दिवसाचं बंधन घातलेलं नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका प्रकरणात, पहिल्या अपिलाचे 45 दिवस दुसऱ्यालाही लागू धरावेत, असं म्हटलं होतं. कायद्याच्या मजकुरात मात्र ती जागा अजून रिकामी आहे. दंडाची सगळी धार तिथेच बोथट होते.

म्हणून कागद स्थानिक कार्यालयातलाच असेल, तर अर्जाआधी एक सोमवार काढा. राज्य शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. नेमकी फाइल आणि पान आधी पाहून आलात, तर अर्ज चार ओळींत होतो आणि संकलनाचं कारण द्यायला कुणाला जागा उरत नाही.