तळ्यातील माशांच्या उवा



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्यांनी माशांच्या उवांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. मासे काठाला अंग घासू लागले, सारखे उसळ्या मारू लागले, खाद्य कमी खाऊ लागले, तर एकदोन मासे जाळ्याने धरून नीट पाहावेत. अंगाला चिकटलेला चपटा, काचेसारखा पारदर्शक, काही मिलिमीटर लांबीचा जीव सरकताना दिसला, तर ती ऊ समजावी. शास्त्रज्ञ तिला आर्ग्युलस म्हणतात. दोन चूषकांनी ती माशाला धरून बसते आणि टोचून रक्त शोषते. त्या जखमांतून रोगजंतू व बुरशी शिरते. रोहूला हा त्रास विशेष होतो.

आपल्या ग्वाल्हेरजवळचा तिघरा जलाशय १९१६ सालचा. तेवढ्या विस्तीर्ण पाण्यात मासे पांगलेले असतात. अंड्यातून निघालेल्या उवेला थोड्याच दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरते. लहान तळ्यात दाटीने मासे सोडले, की तिला शोधावेच लागत नाही. म्हणून दाटी टाळावी.

उवा दिसताच पिकावरचे कीटकनाशक तळ्यात ओतण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मासे मरतात, त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव मरतात, आणि विषाचा अंश आपल्या ताटात येऊ शकतो. उवांची अंडी मात्र बहुधा वाचतात व दोन-तीन आठवड्यांत नव्या उवा निघतात.

खरी मेख अंड्यांतच आहे. मादी मासा सोडून दगड, खांब अशा टणक वस्तूंवर अंडी घालते. म्हणून तळ्यात बांबू किंवा फळ्या रोवाव्यात. दर आठवड्याला त्या बाहेर काढून खरवडाव्यात, कडक उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा रोवाव्यात. नवी बोटुकली तपासल्यावाचून तळ्यात सोडू नये. मे महिन्यात तळे रिकामे करून तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्यावा व एकरी सुमारे १०० किलो चुना टाकावा.

ही ऊ माणसाला लागत नाही; नीट शिजवलेला मासा खाण्यास हरकत नाही. औषधाची गरज भासली, तर मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यास विचारूनच वापरावे.