थंडीतल्या रविवारचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीतला रविवार हा घराचा सगळ्यांत आरामाचा दिवस, अशी आपली पक्की समजूत असते. उशिरा उठायचे, गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात पेपर उघडायचा, आल्याचा चहा दुसऱ्यांदा मागवायचा, दुपारी भरीत, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा, मग रजई ओढून ताणून द्यायची. चित्र खोटे नाही, पण ते घरातल्या काही माणसांचेच आहे. चहा मागवला की तो कुणीतरी टाकलेला असतो, आणि भरताचे वांगे आपोआप भाजले जात नाही. आठवड्याची सुट्टी मिळाली ती पगारी कामाला. घरकामाला ती कधीच मिळाली नाही, आणि थंडीतल्या रविवारी तर ते काम कमी होण्याऐवजी वाढते. हे मान्य करायला फारशी कुणाची हरकत नसते. तरीही त्याभोवती ज्या समजुती साचल्या आहेत त्या एकेक करून तपासल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

पहिली समजूत अशी की रविवारची सुट्टी इंग्रजांबरोबर आली आणि सगळ्यांना सारखीच मिळाली. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरे, पण मुंबईच्या गिरण्या चालूच असत. तिथली सुट्टी मागून, भांडून मिळवावी लागली. 1884 मध्ये ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, आणि त्यात आठवड्याला एक दिवस विश्रांतीची मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीच्या पाठीशी होते. एप्रिल 1890 मधल्या कामगारांच्या प्रचंड सभेनंतर, 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक झाली आणि स्त्री कामगारांचा दिवस अकरा तासांवर आणला गेला. लढा मोठा होता, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण त्याची हद्द गिरणीच्या फाटकाशी संपत होती. अकरा तास गिरणीत काढून चाळीतल्या खोलीत परतलेल्या बाईच्या चुलीला तो कायदा लागू नव्हता. शेतकरी, दुकानदार, हॉटेलातला पोऱ्या यांनाही रविवार मिळाला नाही. त्यामुळे ‘सगळ्यांची सुट्टी’ हे वर्णन तेव्हाही खरे नव्हते आणि आजही नाही.

यावर लगेच उत्तर येते की आता काळ बदलला, घरात सगळेच हातभार लावतात. हे तपासायला सरकारी आकडे उपलब्ध आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. त्यात सहा वर्षांवरील माणसांचा चोवीस तासांचा दिवस कशात जातो हे नोंदवले गेले. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 81.2 टक्के निघाले, पुरुषांचे 26.1 टक्के. जे हे काम करतात त्यांच्यात स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, पुरुष 97. काम न करणारे पुरुषही सरासरीत धरले तर पुरुषामागे दिवसाला जेमतेम पंचवीस मिनिटे पडतात. 2024 च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटे 289 वर आली, पण पुरुषांचीही 97 वरून 88 वर घसरली. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषाने उचलली असे काही दिसत नाही. याच चालीने तिचा आकडा आजच्या पुरुषांइतका व्हायला आणखी शंभर वर्षे लागतील. हे भाकीत नव्हे, नुसता भागाकार आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळू नये. पुरुष बाहेर अधिक तास राबतात, मग घरात कमी करणारच. 2019 च्या त्याच सर्वेक्षणात रोजगाराच्या कामात 57.3 टक्के पुरुष होते आणि ते दिवसाला सरासरी 459 मिनिटे काम करत होते. स्त्रिया 18.4 टक्के होत्या आणि त्यांची मिनिटे 333 होती. सोमवार ते शनिवारच्या विषम वाटणीचे काही स्पष्टीकरण यातून नक्कीच मिळते. पण नोकरदार घरात रविवारी हाच युक्तिवाद उलटतो. त्या दिवशी बाहेरचे काम शून्य असते, म्हणजे घरकामाची वाटणी निम्मी-निम्मी व्हायला काहीच आड येत नसते. शिवाय 333 मिनिटे नोकरीत घालवणाऱ्या बाईला हा युक्तिवाद कधी लागू केलेला ऐकिवात नाही.

दुसरी समजूत यंत्रांची आहे. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन आल्यावर आता घरात काम उरलेच कुठे? काही यंत्रांनी आणि सोयींनी खरोखर कंबरडे मोडणारे कष्ट संपवले. पिठाच्या गिरणीने पहाटेचे जाते थांबवले, नळाने विहिरीच्या खेपा वाचवल्या, गॅसने धूर घालवला. याबद्दल दुमत असू नये. पण कष्ट हलके होणे वेगळे आणि तास कमी होणे वेगळे. अमेरिकेत घरोघरी वीज आणि यंत्रे आपल्या कितीतरी आधी पोहोचली, म्हणून तिथला दाखला उपयोगी पडतो. जोॲन व्हॅनेक यांनी 1974 मध्ये तिथल्या जुन्या पाहण्यांचे आकडे एकत्र मांडले. नोकरी न करणारी गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होती, 1960 च्या दशकात सुमारे 55. मधल्या चाळीस वर्षांत घर यंत्रांनी भरले होते. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी 1983 च्या पुस्तकात याची कारणे उलगडली. यंत्रांनी आधी संपवली ती घरातल्या पुरुषांची आणि मुलांची कामे, म्हणजे लाकडे फोडणे, वाहून आणणे वगैरे. बाईची कामे राहिली आणि त्यांची अपेक्षित पातळी चढत गेली. आपल्याकडे हे पडताळायला ग्रंथालयात जायची गरज नाही. पाटा-वरवंटा होता तेव्हा ताटात एक चटणी असे, मिक्सर आल्यावर दोन झाल्या. मशीन आल्यापासून एकदा घातलेला शर्ट थेट धुण्यात जातो. मशीन धुते, पण कपडे वेगळे काढणे, वाळत घालणे, घड्या करणे, इस्त्रीला देणे हे हातांनीच होते, आणि आठवड्याच्या साठलेल्या कपड्यांना रविवारच मिळतो. थंडीत त्यात रजया-चादरी उन्हात टाकणे आणि दिवस कलायच्या आत त्या उचलणे यांची भर पडते.

पण थंडीच्या रविवारचे खरे काम स्वयंपाकघरात असते, आणि सगळ्यांत मोठा गैरसमजही तिथलाच: हिवाळ्याचे जेवण म्हणजे साधे, स्वस्त, सोपे. स्वस्त आहे हे कबूल. मटार, मेथी, पावटा, ओला हरभरा, गाजर, ओली हळद, सगळे याच दिवसांत उतरते आणि मंडईत भाव पडतात. मात्र हा सगळा माल न निवडलेला, न सोललेला असतो. किलोभर शेंगा सोलल्या की हाती निम्म्याहून कमी मटार येतात. मेथीची जुडी पिशवीत मावत नाही आणि निवडून, धुऊन, परतल्यावर वाटीभर होते. सोलाण्याची आमटी चाखणारा वाखाणतो, पण हरभऱ्याच्या घाट्यातून एकेक-दोनदोन दाणे काढताना नखे काळी होतात. भोगीच्या भाजीत तर हे सगळे एकाच पातेल्यात येते. पैशात वाचलेली किंमत वेळेत मोजावी लागते, आणि वेळ मोजणारा व पैसे मोजणारा हात एकच असतो असे नाही.

भाकरीचेही तेच. बाजरीत गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते, म्हणून कणकेसारखा तासभर आधी गोळा मळून ठेवून भराभर लाटता येत नाही. पीठ गरम पाण्यात लागेल तेवढेच, एकेका भाकरीपुरते मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून पाणी फिरवायचे, मग आचेवर फुगवायची. भाकरी गरमच हवी, त्यामुळे करणारी तव्यापाशी आणि खाणारे पानावर, अशी विभागणी आपोआप पक्की होते. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने दळलेले पीठ लवकर कडू पडते, म्हणून थोडे थोडे, वरचेवर दळून आणावे लागते. आणि ‘बाजरी उष्ण, थंडीत खाल्लीच पाहिजे’ या आग्रहाबद्दल एवढेच, की उष्मांकांत बाजरी आणि गहू यांत फार अंतर नाही. बाजरी खरिपाची, नवे धान्य थंडीच्या तोंडावर घरात येते, हे तिच्या ताटात असण्याचे सरळ कारण आहे. लोह आणि तंतुमय घटक चांगले म्हणून ती जरूर खावी, पण तसे ती पावसाळ्यातही खाता येते.

‘रविवारी दोन तास स्वयंपाक केला’ हे मापही म्हणूनच फसवे असते. वालाचे बिरडे रविवारी दुपारी पानात हवे असेल तर वाल शुक्रवारीच भिजत पडतात, शनिवारी उपसून फडक्यात बांधले जातात. थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून कोमट पाणी आणि उबेची जागा शोधावी लागते. मग रविवारी सकाळी एकेक डाळिंबी सोलायची. इडलीचे पीठ उन्हाळ्यात रात्रभरात वर येते, थंडीत ते सकाळीही ढिम्म असते. विरजणही तसेच. गारठ्यात हे सगळे आधी आठवावे लागते, आणि ही आठवण ठेवण्याचे काम कुठल्याच तक्त्यात नीट पकडता येत नाही.

‘पण आमच्याकडे रविवारी मटण पुरुषच करतात’ असे अनेक घरांतून ऐकू येते. ते खरे आहे आणि चांगलेही आहे. दुकानासमोरच्या रांगेत सकाळी उभे राहणे हेही कामच आहे. तपासायचे ते एवढेच की कांदा-खोबरे भाजून वाटण कुणी केले, भाकऱ्या आणि भात कुणाकडे होता, आणि जेवणानंतर गार पाण्यात थिजलेल्या तुपाळ चरबीची भांडी कुणी घासली. हौसेचा स्वयंपाक आवडेल त्या रविवारी करता येतो आणि नको त्या रविवारी सोडता येतो. रोजच्या स्वयंपाकात सोडण्याची ही मुभा नसते. काम आणि हौस यांतला फरक आवडीनिवडीपेक्षा या मुभेतच जास्त आहे. पुष्कळ बायकांनाही तिळाच्या वड्या थापायला मनापासून आवडते, पण आवड असली म्हणून त्यात गेलेला वेळ कमी भरत नाही.

उरली मोलकरीण. शहरी घरांत बरेच काम तिच्याकडे असते हे खरे, आणि म्हणूनच ती रविवारी येत नाही तेव्हा घर कुरकुरते. पण तिचा रविवार हाही रविवारच आहे. सुट्टीसारख्या साध्या हक्कांसाठी मोलकरणींना स्वतः संघटित व्हावे लागले. पुण्यात 1980 साली त्यांनी संप केला आणि संघटना बांधली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला तो 2008 मध्ये. तिने सुट्टी घेतली की केर-भांडी कुणाकडे येतात, यावरून घरातली खरी वाटणी कळते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे: घरात मायेने केलेल्याचा हिशेब मांडायचा नसतो, ते काम नव्हेच. सरकारी नोंदीही हेच धरून चालतात: राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात घरच्यांसाठी रांधलेले अन्न धरले जात नाही, आणि जनगणनेत फक्त घरकाम करणाऱ्या बाईची नोंद काम न करणाऱ्यांत होत आली. न्यायालयांनी मात्र हे मान्य केलेले नाही. जमशेदपूरच्या 1989 मधल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली गृहिणींच्या सेवेचे मोल महिना 3,000 रुपये धरून भरपाई ठरवली. जानेवारी 2021 च्या एका अपघात भरपाईच्या निकालात तर वर दिलेल्या 2019 च्या सर्वेक्षणाचाच आधार घेतला. अर्थात न्यायालयात हा हिशेब निघतो तो बाई गेल्यानंतर. ती असताना तो निघाल्याचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. तिथल्या खाणावळवाल्या बायका गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकांकडून कर्जे मिळवून दिली. चूल तीच, घरही तेच, पानात वाढलेली भाकरीही तीच. नवरा-मुलांच्या पानातल्या भाकरीला सरकारदरबारी शून्य किंमत होती, आणि शेजारच्या पाटावरच्या खाणावळीच्या माणसासाठी थापलेल्या भाकरीवर बँक कर्ज देत होती.