चेहऱ्यांचा पुरावा
मालवणचा सिंधुदुर्ग १७६५ साली इंग्रजांनी घेतला, पण तिथे पडलेल्यांचे चेहरे आज कोणाकडेच नाहीत. १९७१च्या बांगलादेश युद्धाचं तसं झालं नाही, याचं मोठं श्रेय छायाचित्रकार किशोर पारेख यांचं. कोणी पाठवलेलं नसताना ते स्वतःहून तिथे गेले. प्रेतं, निर्वासित, हवालदिल माणसं त्यांनी टिपली आणि १९७२ साली त्यांचं पुस्तक निघालं. मरणाऱ्यावर कॅमेरा रोखणं निर्दय, हा आक्षेप हलका नाही. तरीही जिथे हत्याच नाकारल्या जातात, तिथे न काढलेलं छायाचित्र मारेकऱ्यांच्याच पथ्यावर पडतं. छायाचित्रही फसवतं, हेही खरं: छायाचित्रकार फेलिचे बेआटोने १८५८ साली लखनौच्या सिकंदरबागेत छायाचित्रासाठी हाडं मांडून घेतल्याचं अभ्यासक मानतात. म्हणून छायाचित्रं नाकारायची नसतात, साक्षीदारांच्या जबान्यांशी ताडून पाहायची असतात.